हाताकडे पाहणारे डोळे

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही चेहरा काढला नाही. उस्मानाबादेत, ज्याला जुनी माणसे तेव्हाही धाराशिवच म्हणत, आमचे पत्र्याच्या पेट्या रंगवण्याचे दुकान होते. नवरीबरोबर पेटी द्यायची आणि ती कोरी द्यायची नाही, असा आमच्या भागातला रिवाज. तो मुसलमानांत होता, हिंदूंतही होता, आणि पेट्या सगळ्यांच्याच आमच्या दुकानात येत. हिरव्या रंगावर लाल फुले, त्यांना जोडणारी वेल, कडेने पिवळी रेघ. अब्बा ती रेघ श्वास रोखून एका दमात ओढीत.

गिऱ्हाइकाला मात्र पेटीवर राघू हवा असे. सजीव काढायचा नाही हा अब्बांचा नेम, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाही हाही नेमच. म्हणून ते पेरूची फांदी काढीत. फांदीला एक पेरू, आणि त्या पेरूला चोचीने टोकरलेले भोक, ज्यातून आतला गुलाबी गर दिसे. राघू नसे.

पेटी न्यायला आलेला मुलीचा बाप विचारी, "चाचा, राघू कुठाय?"

"उडाला की. आत्ताच गेला. पेरू बघा, खाऊन गेलाय."

"आन् मैना?"

"ती त्याच्या मागं गेली. ती काय एकटी राहील व्हय?"

माणूस हसे, पेटी डोक्यावर घेई आणि जाई. पुढच्या वर्षी तोच माणूस धाकट्या मुलीसाठी येई आणि आपणहून सांगे, "उडालेला राघू काढा, चाचा." तेव्हा मला या गोष्टीत अडाणीपणाखेरीज काही दिसत नव्हते. आज पन्नाशी उलटल्यावर मी हे लिहितो आहे, आणि मला कळते की जी वस्तू शोधण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली, ती आमच्या दुकानात वाळत पडलेली असे.

मी त्यांच्या शेजारी बसून फुले काढायला शिकलो. शिकवताना अब्बा बोलत नसत. ते माझ्या तोंडाकडे पाहत नसत, पेटीवर उमटणाऱ्या फुलाकडेही पाहत नसत. ते माझ्या हाताकडे पाहत. मान किंचित कललेली, पापण्या अर्ध्या खाली, नजर माझ्या मनगटावर. हात बरोबर चालला तर फूल बरोबर येणारच, असा त्यांचा हिशेब असावा. माझ्या बालपणीचे अब्बा आठवायचे म्हटले तर मला त्यांची ती खाली झुकलेली नजरच आठवते. त्यांनी मला तोंडभर पाहिल्याचे आठवत नाही.

मला फुले पुरी पडेनात. मला माणसे काढायची होती. एका नातलगाच्या आधाराने मी येडशीच्या स्टेशनातून लहान गाडीत बसलो आणि गाड्या बदलत हैदराबादेच्या चित्रशाळेत पोचलो. निघताना अब्बा म्हणाले, "चेहरा काढशील. त्यात जान कोण घालणार? उद्या कयामतीला विचारतील, काढलास ना, आता रूह फुंक. काय सांगशील?" आम्ही घरात दखनी बोलत असू. ते शब्द मी मराठीत लिहिले आहेत, पण त्यांतली काळजी मला कोणत्याच भाषेत आणता आलेली नाही. तेव्हा ती मला काळजी वाटलीच नव्हती.

चित्रशाळेत माझे कौतुक झाले. विलायती तैलचित्र समोर ठेवा, जुन्या दखनी कलमाचे लहान चित्र ठेवा, लेण्यांतल्या भिंतीची नक्कल ठेवा. मी तसेच काढून देई. शेवटच्या वर्षी आमच्या उस्तादांनी माझी सगळी चित्रे जमिनीवर मांडायला लावली. ते त्यांच्या भोवती एक फेरी मारून आले आणि आपल्या मृदू उर्दूत म्हणाले, "मियाँ, तुमच्या हातात सगळ्यांचा हात आहे. तुमचा कुठं आहे?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी विसरलो असतो. त्यांनी खरोखरच विचारले होते, हरवलेल्या छत्रीबद्दल विचारावे तसे. उत्तर आणून देईन असे मनाशी ठरवून मी गावी परतलो.

निजामी अंमलातल्या एका सरकारी शाळेत मला चित्रकलेच्या मास्तराची जागा मिळाली. शाळेला सुट्टी शुक्रवारी असे. जुम्म्याची नमाज चुकवून मी शुक्रवारी रंगाची पेटी घेऊन बाहेर पडे. येडशीजवळच्या रामलिंगाच्या दरीत बसून मी झाडे काढली. घरी आणून पाहिली तर ती विलायती झाडे होती; त्यांच्यावरचे ऊनसुद्धा आमच्याकडचे नव्हते. गावाबाहेरच्या लेण्यांत बसून मूर्ती काढल्या, त्या छापील पुस्तकातल्यासारख्या आल्या. मग पंचमीच्या आधी बाया भिंतीवर गेरूने नागोबा काढतात, तसे मुद्दाम वेडेवाकडे काढून पाहिले. ते सर्वांत वाईट होते, कारण त्यांत बायांचा भोळेपणाही नव्हता आणि माझी लबाडी मात्र उघडी पडत होती.

शाळेत फार्सी शिकवणारे एक मौलवी होते. घरी माझ्या खोलीत येऊन ते चित्रे पाहत आणि दाढीत हसत. "आज कोण आलंय? परवा तर साहेब लोक आले होते."

"आज मीच आहे, मौलवीसाब."

"तुम्ही? छे, छे. तुम्ही असता तर मी ओळखलं असतं. सलाम केला असता."

मी हसत असे. ते गेल्यावर चित्र पाठमोरे करून ठेवीत असे. त्या खोलीत हळूहळू सगळीच चित्रे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

या काळात मी एक दुसरे काम करीत होतो, आणि त्याला मी काम म्हणतच नसे. आमच्या जिल्ह्यात, विशेषतः कर्नाटकाच्या अंगाला, लिंगायत समाजाची घरे पुष्कळ. त्यांच्यात मयताला निजवीत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. तळहातावर इष्टलिंग, गळ्यात हार. बसलेल्यालाच विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, घालून वाजतगाजत नेतात आणि बसलेल्यालाच मातीत ठेवतात. ज्या घरात कर्त्या माणसाची तसबीर काढायची राहून गेली असे, ते घाईने चित्रकाराला बोलावीत. कारण माणूस समोर बसलेला असे, जणू चित्रासाठीच बसला आहे. फक्त त्याचे डोळे मिटलेले असत.

मला पहिले बोलावणे लोहाऱ्याहून आले. अडतीचे मोठे दुकान असलेले एक व्यापारी लिंगैक्य झाले होते. त्यांच्या सोप्यात, भजनाच्या गलक्यात, एका कोपऱ्यात बसून मी पेन्सिलीने चेहरा उतरवून घेतला. मिटलेल्या पापणीखाली बुबुळाचा उंचवटा दिसतो आणि त्यावरून डोळ्याचा आकार कळतो. नजर कळत नाही. मी त्यांच्या मुलाला विचारले, "डोळे कसे होते?"

"मोठे होते, मास्तर. लई मोठे."

त्याचा चुलता म्हणाला, "मोठे कुठले? बारीक होते, पर धार होती."

"धार होती, पर मोठे होते."

"तू बाप मेल्यावर डोळे मोठे करायलास व्हय रे?" चुलता म्हणाला, आणि त्या गर्दीत दोघे-चौघे तोंडावर उपरणे धरून हसले. मी मान डोलावली आणि रंगाची नोंद करून घेतली.

तैलचित्र मी घरी पूर्ण केले. डोळे उरले होते. अब्बा दाराशी येऊन उभे राहिले. ते चित्राकडे पाहणार नाहीत हे मला ठाऊक होते. ते माझ्या हाताकडे पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मिटलेले आहेत ना? मिटलेलेच राहू दे. ज्यानं मिटले त्याची मर्जी." मी म्हणालो, "लोकांना उघडे हवेत, अब्बा." ते गेले आणि मी डोळे उघडले. ते काढताना मला कसलाच प्रयास पडला नाही, हे मला चांगले आठवते. बाकी सगळ्या चित्रांत घाम गाळणारा माझा हात डोळ्यांपाशी आला की आपोआप चाले.

मला कळायला हवे होते. पण ते पोटापाण्याचे काम होते, आणि पोटापाण्याच्या कामात माणूस स्वतःला शोधत नाही.

चित्र पसंत पडले. मग मुरूमहून बोलावणे आले, तुळजापूरहून आले, आणखी कुठून कुठून आले. मी मुरूमच्या एका घरात मयतासमोर पेन्सिल घेऊन बसलो होतो, त्याच दिवशी इकडे अब्बा गेले. आमच्यात मयत ठेवत नाहीत. निरोप मला गाठेपर्यंत आणि मी बैलगाडीने पोचेपर्यंत जनाजा होऊन गेला होता. मला मिट्टी देता आली नाही, तोंडही पाहता आले नाही. परक्याच्या बापाचे मिटलेले डोळे मी दिवसभर न्याहाळले आणि माझ्या बापाचे मिटलेले डोळे मात्र पाहिले नाहीत. त्यांची तसबीर नव्हतीच. त्यांनी ती कधी काढू दिली नसती. दुकान बंद झाले. ब्रश एका डब्यात घालून मी माळ्यावर ठेवले.

पुढची वर्षे मी शोधतच राहिलो, पण शोधण्यातला उमेदीचा भाग संपला होता. रोग जडावा तसा तो प्रश्न मला जडला होता. रंग उघडला की कोणीतरी दुसराच माझ्या हातात येऊन बसे. कधी कधी मी कोऱ्या कापडासमोर सबंध शुक्रवार बसून राही आणि संध्याकाळी ते पाठमोरे करून ठेवी. नमाज तर चुकलेलीच असे.

मग राज्य बदलले. त्या सप्टेंबरातल्या दिवसांबद्दल सविस्तर लिहिणे मला जमत नाही आणि जमले तरी मी लिहिणार नाही. इतकेच सांगतो की पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी एका कामासाठी लोहाऱ्यात होतो, आणि माझ्यासारख्याने रस्त्यावर दिसावे असे ते दिवस नव्हते. त्याच व्यापाऱ्याच्या मुलाने मला घरात ओढून घेतले. "मास्तर, आत व्हा. इचारू नका काय," असे म्हणून त्याने मला आतल्या बैठकीच्या खोलीत नेले आणि दार लावले. त्याच्या आईला घरात सगळे अव्वा म्हणत. ती खिडकीचा अडसर लावून म्हणाली, "इथंच राहायचं. ह्या घरात तुमाला कोण हात लावतंय बघू."

समोरच्या भिंतीवर मी काढलेले तिच्या नवऱ्याचे चित्र टांगलेले होते.

त्या खोलीच्या माळवदाला उजेडासाठी ठेवलेले भोक होते, साणे म्हणतात त्याला. त्यातून पडलेला उजेडाचा तुकडा सकाळी जमिनीवर असे आणि दुपार झाली की भिंतीवर चढून चित्रापाशी येई. मला दुसरे काही काम नव्हते. आपले चित्र इतका वेळ पाहण्याची सक्ती कोणत्याही चित्रकारावर येऊ नये. चेहरा मृताचा होता, चांगला उतरलेला होता, आणि रंगवण्याची तऱ्हा माझ्या उस्तादांची होती. उपरण्याच्या घड्या एका विलायती चित्रातून घेतलेल्या होत्या. कोणत्या, तेही मला आठवत होते.

घरातल्या दोन लहान नाती माझ्यासाठी भाकरी-पिठले घेऊन येत. ताट ठेवले की दोघीही हात पाठीमागे लपवीत आणि भिंतीच्या कडेने बाहेर जात. मी एकदा विचारले, "हात का लपवता गं?"

थोरली कुजबुजली, "अज्जा बघतोय."

"बघू दे की."

"तो हाताकडंच बघतोय. गूळ घेतला की त्याला कळतंय."

धाकटी म्हणाली, "तोंडाकडं न्हाय बघत तो. कोणी घेतला ते त्याला कळत न्हाय. हात तेवढा कळतोय."

मी वर पाहिले. खरेच होते. चित्रातला माणूस पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत नव्हता. मान किंचित कललेली, पापण्या अर्ध्या खाली, नजर समोरच्याच्या मनगटावर.

मुलींच्या मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन आलेली अव्वा हसली. "लेकरं खोटं बोलत न्हाईत, मास्तर. घरात सगळे असंच म्हणतात. गडीबी इथं आला की हात पुसतोय."

मी विचारले, "ते खरोखर असेच पाहत असत का?"

ती तांब्या ठेवून खाली टेकली. "न्हाय. मालक तोंडावर बघायचे. सरळ, हे असं. सौदा करताना समोरचा माणूस मान खाली घालायचा. म्या लग्नात पयल्यांदा बघितलं तवा भ्याले होते. हात कुणाचे त्यांनी कधी बघितले न्हाईत."

"मग मी चित्र आणून दिले तेव्हा बोलला का नाहीत?"

"तवा वाटलं, चित्रात डोळे असेच येत असतील. आमाला काय कळतंय त्यातलं? मग रोज बघून बघून…" ती थांबली. सांगावे की नको असा विचार करीत असावी. "आता मला त्यांचे डोळे आठवतच न्हाईत, मास्तर. डोळे मिटून बसलं की हेच येतात. तुमचे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाकरी ठेवावी तसे ते वाक्य तिने माझ्यापुढे ठेवले आणि ती उठून गेली.

हैदराबादेच्या त्या जमिनीवर मांडलेल्या चित्रांपाशी मी मनाने परत गेलो. तुमचा हात कुठे आहे? हा इथे होता. कापडाच्या त्या दोन बोटांच्या जागेत मी कोणाची नक्कल केली नव्हती, कारण नक्कल करायला तिथे काही नव्हतेच. जिथे मला दाखवणारे कोणी नव्हते तिथे मी माझ्यातून काढले होते, आणि माझ्यात जे होते ते मी त्या नजरेवरून लगेच ओळखले. ती पेट्यांच्या दुकानातली नजर होती. ज्या माणसाने आपला चेहरा कोणाला काढू दिला नाही, त्याचे डोळे मी लोहाऱ्याच्या, मुरूमच्या, तुळजापूरच्या भिंतींवर टांगून ठेवले होते. आणि ते टांगण्यासाठी त्या घरांतल्या माणसांचे डोळे पुसले होते.

शैली सापडली तर आनंद होईल असे मी इतकी वर्षे मानीत आलो होतो. उजेडाचा तुकडा चित्रावरून सरकून गेला तरी मी ताटाला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अव्वाला म्हणालो, "मी ते डोळे दुरुस्त करतो."

"कशावरून कराल?" तिने विचारले. "मला आठवत न्हाईत. पोरगा म्हणतो मोठे होते, धाकटे दीर म्हणतात बारीक होते. तुमी तर बघितलेच न्हवते."

मी निघालो त्या दिवशी, वाट निर्धास्त झाल्यावर, तिने मला दारात थांबवले. ती नेहमी माणसाच्या तोंडाकडे सरळ पाही, तशीच पाहत म्हणाली, "म्या गेल्यावर तुमालाच बोलावतील, मास्तर. तवा माझे झाकलेलेच काढा. न्हायतर म्या बी जन्मभर सुनांचे हात बघत बसंन." आणि आपल्याच बोलण्यावर खूप हसली.

घरी न जाता मी आधी मुरूमला गेलो, मग तुळजापूरला गेलो. प्रत्येक घरात ती नजर होती आणि प्रत्येक घराने तिचा आपापला अर्थ लावून घेतला होता. मुरूमची सून मला म्हणाली, "मामंजी लई स्वच्छतेचे. आजबी सैपाकाला जाताना बघतात, हात धुतलेत का न्हाईत." मी तिच्या नवऱ्याला सांगून पाहिले की या डोळ्यांत चूक आहे, मी नवे काढून देतो. त्याने चित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, आता इतक्या वर्सांनी आमचा बाप बदलता व्हय?"

तुळजापूरच्या घरी मी फक्त पाणी पिऊन उठलो.

त्यानंतर मी चेहरा काढला तो एकच. दोन-तीन वर्षांनी अव्वा गेली आणि तिने सांगितल्याप्रमाणे मलाच बोलावणे आले. तिला सोप्यात बसवले होते, नवऱ्याला बसवले होते त्याच भिंतीशी. मी चेहरा उतरवून घरी आणला. तिचे म्हणणे मला ठाऊक होते. तरी मनात आले, हिचे डोळे मी पाहिलेले आहेत. या एका माणसाचे तरी मला खरे काढता येतील. त्या खोलीत ती रोज माझ्याकडे सरळ पाहत असे. मी एका वेगळ्या कागदावर ते काढायला बसलो आणि हात आपोआप चालू लागला. झाले तेव्हा पाहिले. अव्वा माझ्या मनगटाकडे पाहत होती.

मी तो कागद फाडला आणि चित्रात डोळे मिटलेलेच ठेवले. ज्याने मिटले त्याची मर्जी.

तिच्या मुलाने चित्र पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. या माणसाने मला घरात ओढून घेतले नसते तर हे लिहायला मी राहिलो नसतो. तो हळू आवाजात म्हणाला, "हे काय, मास्तर? भिंतीवर मयत टांगू व्हय?"

मी तिची इच्छा सांगितली.

"ती चेष्टा करत आसंल. अव्वाला चेष्टेची सवय होती. अण्णांच्या शेजारी जोडी लावायची हाय. एकाचे उघडे आन् एकाचे झाकलेले, बरं दिसंल का? तसेच काढा की, अण्णांसारखे. तुमाला येतात की ते."

"येतात," मी म्हणालो. "तेवढेच येतात. म्हणून काढत नाही."

त्याला ते कळले नाही, आणि समजावून सांगण्याचा मला हक्क नव्हता. उपकार केलेल्या माणसाला आईची तसबीर न देता मी त्याच्या दारातून परतलो. त्याने मला पाणी दिले, वाटेपर्यंत सोबत आला. पण नंतर त्याने कधी निरोप धाडला नाही. ते चित्र मी कापडात गुंडाळून ठेवले आहे. घरात टांगण्याचा मला अधिकार नाही, आणि फाडवत नाही.

उस्तादांना उत्तर कळवावे असे बरेच दिवस वाटत होते. पुढे हैदराबादेहून आलेल्या एका जुन्या सोबत्याकडून कळले की ते केव्हाच गेले. कळवले असते तरी काय कळवले असते? की हात सापडला, पण तो माझा नाही. आणि ज्याचा आहे त्याने मला आधीच नको म्हणून सांगितले होते?

नव्या राज्यात माझी शाळेतली जागा राहिली नाही. मी माळ्यावरून अब्बांचे ब्रश काढले आणि दुकान उघडले. पेट्या अजून येतात, पहिल्याइतक्या नाहीत. हिरवा रंग, लाल फुले, पिवळी रेघ. माझी रेघ मध्ये एकदा तरी थरथरते. गेल्या लग्नसराईत ईट गावाहून एक म्हातारा नातीसाठी पेटी न्यायला आला. त्याच्या मुलीची पेटी अब्बांनी रंगवली होती. त्याने पेटी उजेडात धरून फांदी पाहिली, टोकरलेला पेरू पाहिला.

"राघू कुठाय, मास्तर?"

मला ते उत्तर पाठ आहे. "उडाला. आत्ताच गेला."

म्हातारा खूश झाला. "व्हय, हेच! चाचांचाच हात हाय हा. जरासुदिक फरक न्हाय."

तो पेटी घेऊन गेला. मी दुसरी पुढे ओढली आणि पेरूत गुलाबी गर भरू लागलो. हे काम करताना अलीकडे माझी मान कलते आणि नजर पेटीवर न राहता माझ्याच मनगटावर जाऊन थांबते. तिथून ती हलवण्याचा मी प्रयत्न करतो. ती हलत नाही.